टायरची नक्षी शिल्लक आहे पण वय झालंय, बदलायचे की चालवायचे?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१८ च्या शेवटी घेतलेली, कंपनीतून आलेले टायर तेच अजून चालू आहेत. राहायला मानपाडा, ऑफिस महापेला पण कंपनीची बस आहे त्यामुळे गाडी शनिवार-रविवारीच निघते, रनिंग चाळीस हजारसुद्धा नाही झालेलं. परवा अलाइनमेंटला गेलो तर दुकानवाला म्हणाला चारही काढा, रबर मेलंय. सासरे म्हणतात नक्षी चांगली दिसतेय, अजून दोन वर्षं आरामात निघतील. सासऱ्यांची हयात गाड्यांत गेलीय म्हणून त्यांचं म्हणणं टाकवत नाही, आणि दुकानवाल्याला माल विकायचाय हेही कळतं. गणपतीला सावंतवाडीला जायचंय, आई-बाबा, बायको, मुलगी, डिकी फुल भरलेली आणि वरून पाऊस. तर मला स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवता येईल असं काहीतरी सांगा, नेमकं काय काय बघायचं?

स्टेपनी
आधी खाचांमध्ये बघा. टायरवर गोल फिरणाऱ्या ज्या मोठ्या खाचा असतात ना, त्यांच्या तळाशी मध्येमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. सापडत नसतील तर साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, वरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं शोधा, मिशेलिन असेल तर त्यांचा तो बाहुला असतो, त्याच्या सरळ रेषेत आत उंचवटा सापडतो. त्याची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर कायद्याने संपला, मग कोणाला विचारायची गरजच नाही. नवीन टायरला साधारण ७-८ मिमी खोली असते. डेप्थ गेज म्हणून एक छोटं साधन मिळतं, ऑनलाइन अगदी स्वस्तात, ते मागवा. आणि व्हिडिओत दाखवतात ती नाणं घालून बघायची ट्रिक सोडून द्या, ती त्यांच्या सेंट आणि पेन्सच्या नाण्यांच्या मापावर बेतलेली आहे, आपल्या रुपयाला लागू नाही.

कळवेकर
स्टेपनी म्हणतात ते बरोबर पण घोडबंदरकरांचा प्रश्न झिजेचा कमी आणि वयाचा जास्त वाटतोय. साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असतो, बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली टॉर्च मारून आतल्या बाजूला बघा. चारही बघा हां, एकावरून चारांचं धरू नका.

घोडबंदरकर
धन्यवाद दोघांनाही. बघून आलो. चारही टायरवर ४२१८ आहे, म्हणजे पावणेआठ वर्षं होत आली. उंचवट्यापर्यंत अजून आलेली नाही नक्षी, डोळ्यांना तरी बरी दिसतेय. पण टॉर्च मारली तेव्हा साइडवॉलवर आणि खाचांच्या तळाला बारीक बारीक चिरा दिसल्या, केसासारख्या. हे सीरियस आहे का? गेज मागवलाय.

नेरूळ_सेक्टर
मला वाटतं इथे जरा जास्तच घाबरवणं चाललंय. कायदा १.६ म्हणतो, तिथपर्यंत टायर चालायला पाहिजे म्हणूनच तो आकडा ठरवलाय ना. तीन-साडेतीन मिमी शिल्लक असताना टायर फेकायचे म्हणजे पैशांचा चुराडा. वरवरच्या चिरा तर उन्हात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीला येतात. घोडबंदरकर, सासऱ्यांचं ऐका.

खारघरची
नेरूळ_सेक्टर, कोरड्या रस्त्यावर तुमचं पटेल मला, पण आपण जिथे राहतो तिथे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असतो कधी? मागच्या पावसाळ्यात वाशीहून घरी येत होते, सायन-पनवेल हायवेला डाव्या लेनमध्ये पाणी साचलेलं, स्पीड काही फार नव्हता, सगळ्यांबरोबर चालले होते आणि एकदम स्टेअरिंग हलकं झालं, म्हणजे हातात काहीच नाही असं, वळवलं तरी गाडीला कळेना. दोन क्षणच असेल पण बाजूला कंटेनर होता. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ब्रेक मारला नाही, गाडी आपोआप पकडीत आली. घरी येऊन टायर मोजले तर सव्वादोन मिमी होते. कायद्याने पास! तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी ३ मिमीच्या खाली असतील तर मी बदलते, आणि यात मला पैशांचा चुराडा अजिबात वाटत नाही.

तुर्भेकर_काका
उशिरा आलो धाग्यावर. तुर्भ्याला टायरच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

खारघरच्या ताईंबरोबर जे झालं त्याचं कारण सरळ आहे. कोरड्या रस्त्यावर खरं म्हणजे नक्षीची फारशी गरजच नसते, रेसिंगचे कोरड्यातले टायर गुळगुळीतच असतात. खाचा आहेत त्या पाण्यासाठी. टायरखाली आलेलं पाणी त्या खाचांतून मागे आणि बाजूला निघून गेलं पाहिजे, तरच रबर डांबराला टेकतं. खाच उथळ झाली की पाणी निघायला जागा उरत नाही, टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक तिच्यावर चढतं. बाथरूमच्या ओल्या फरशीवर तळ झिजलेली स्लिपर सटकते तसंच. स्पीड जितका जास्त तितकं हे आधी होतं, हवा कमी असेल तर अजून आधी. म्हणून १.६ हा आकडा ‘याच्या खाली चालवायचंच नाही’ असा आहे, ‘इथपर्यंत सगळं उत्तम आहे’ असा नाही. पकड काही १.६ ला अचानक जात नाही, ती आधीपासूनच उतरत असते, आणि शेवटच्या दोन-अडीच मिमीत ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग अंतर झपाट्याने वाढतं. आपल्याकडच्या पावसात ३ मिमीला बदला हे ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

आता वय. रबर नुसतं उभं राहिलं तरी म्हातारं होतं. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन यांनी ते कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या रस्त्याला नीट चिकटत नाही, नक्षी कितीही असू दे. टायर चालत राहिला तर रबरातले संरक्षक घटक पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या गाडीत ते कमी होतं, म्हणून कमी चालणाऱ्या गाडीला चिरा उलट लवकर पडतात. ठाणे-नवी मुंबईत हे मी रोज बघतो, लोक ट्रेनने किंवा बसने जातात, गाडी सोसायटीत उघड्यावर उभी, किलोमीटर होत नाहीत आणि मालकाला वाटतं टायर नवाच आहे. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी ठेवू नका, असं टायर कंपन्याच सांगतात. काही गाडी कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा.

घोडबंदरकर, चिरांबद्दल. साइडवॉलवर केसासारख्या, वरवरच्या असतील तर तेवढ्यावरून उद्याच फुटेल असं नाही. पण खाचांच्या तळाला चिरा म्हणताय ते मला आवडलं नाही. तळाच्या खाली रबराचा पातळ थर आणि मग आतले पट्टे, तिथून पाणी आत गेलं तर स्टीलच्या पट्ट्याला गंज लागतो. अंगठ्याने टायर वाकवून बघा, चीर उघडते का आणि आत धागा दिसतो का. धागा दिसला तर आजच बदला.

स्टेपनी
काका मस्त लिहिलंत. घोडबंदरकर, गेज आला की एका जागी मोजू नका, आतली बाजू, मधली आणि बाहेरची अशा तीन ठिकाणी मोजा, आतली बाजू उभ्याने दिसतच नाही आणि तिथेच घोळ असतो बहुतेक वेळा.

घोडबंदरकर
गेज आला काल. मागचे दोन्ही सगळीकडे जवळपास ४ मिमी. पुढचे दोन बाहेरून आणि मधे ३.५, पण आतल्या कडेला २.२ आणि २.४!! बाहेरून बघितलं तर काहीच कळत नाही. ही झीज अशी का? आणि अंगठ्याने वाकवल्यावर पुढच्या डाव्या टायरच्या तळातली चीर उघडते, धागा दिसला नाही.

तुर्भेकर_काका
फक्त आतली कडा गेली म्हणजे अलाइनमेंट. टो (चाकं सरळ न राहता आत किंवा बाहेर वळणं) किंवा कॅम्बर (चाक उभ्यात कलणं) बाहेर गेलाय, खड्ड्यात आपटून होतं हे, नाहीतर सस्पेन्शनचे बुश गेलेले असतात. तुम्ही राहता घोडबंदरला, तो रस्ता आणि गायमुखचा घाट पावसाळ्यात काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. झीज वाचता आली तर टायर तुम्हाला गाडीची तब्येत सांगतो. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे ठीक आहे तर हवा कमी. एकच कडा गेली तर अलाइनमेंट. हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. जागोजागी वाट्यांसारखे खड्डे पडलेत आणि गाडी चालताना घूंऽऽ असा आवाज येतो, तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. कारण दुरुस्त न करता नुसते नवे टायर टाकले तर वर्षभरात नवेही तसेच होतील, म्हणून आधी बुश तपासा, मग टायर, मग अलाइनमेंट. हा क्रम सोडू नका.

तुमच्या केसमध्ये माझं मत स्पष्ट आहे, पुढचे दोन सावंतवाडीच्या आधी जायलाच हवेत. मागच्यांना खोली आहे पण वय तेच आहे. पाच माणसं, भरलेली डिकी आणि पावसातला कोकण, मी चारही बदलले असते.

नेरूळ_सेक्टर
आतली कडा २.२ आणि चीर उघडतेय म्हणजे पुढचे बदला, इथे माझा काही वाद नाही. मोजल्यावर चित्र वेगळं निघालं. पण चार टायरचा खर्च सगळ्यांनाच एका महिन्यात झेपत नाही हेही खरं आहे. दोनच बदलायचे असतील तर पुढेच टाकायचे ना? इंजिन पुढे, पुढची चाकं ओढतात.

कळवेकर
नाही नाही, नवे दोन नेहमी मागे. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टेअरिंगला कळतं, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडीचं शेपूट फिरतं आणि ते सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं, पावसात वळणावर तर नाहीच. म्हणून पुढचं व्हील ड्राइव्ह असो की मागचं, चांगले टायर मागे. दुकानात स्पष्ट सांगावं लागतं, कारण पुढे टाकून मोकळे होतात, त्यांचं काम वाचतं.

तुर्भेकर_काका
+१ कळवेकर. फक्त एक, यांच्या मागच्या ४ मिमीवाल्यांना पुढे आणलं तरी ते २०१८ चेच आहेत. दोन आत्ता घेतले तर बाकीचे दोन दिवाळीपर्यंत तरी काढा. बाय द वे नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, कोणी जुन्या रेटने कोटेशन दिलं तर बिलावर बघून घ्या.

पामबीचवाला
घुसतोय जरा धाग्यात. माझ्या टायरला साइडवॉलवर फुगा आलाय, लिंबाएवढा, खड्ड्यात गेली होती गाडी. पंक्चरवाला म्हणतो आतून पॅच मारून देतो, चालेल का? टायर वर्षाचाच आहे हो, जीव जळतो.

तुर्भेकर_काका
अजिबात नाही. फुगा म्हणजे साइडवॉलच्या आतले धागे तुटलेत आणि हवेला आता फक्त वरचं रबर धरून आहे. त्यावर पॅचचा काही उपयोग नसतो. आज स्टेपनी लावा आणि तो टायर काढा, पामबीचला त्या टायरवर जाऊ नका. पंक्चरचंही तसंच आहे, रस्त्याला टेकतो त्या भागात, साधारण ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या कडेला, किंवा साइडवॉलला खिळा गेला तर टायर गेला. इन्शुरन्समध्ये नुसत्या टायरचं नुकसान सहसा मिळत नाही, गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच आणि तेही निम्मे पैसे. नवीन टायर एकच घ्यावा लागला तर त्याच अ‍ॅक्सलवरच्या दुसऱ्या टायरची खोली मोजून घ्या, फार फरक नको, आणि साइज-पॅटर्न तोच घ्या.

ऐरोलीकर
वाचून खूप उपयोग झाला. माझा प्रश्न समृद्धीबद्दल. आता आमण्याहून थेट नागपूरपर्यंत रस्ता झालाय, आम्हाला वर्ध्याला जायचं असतं. काँक्रीटवर टायर फुटतात असं सगळे म्हणतात आणि नायट्रोजन भरलं की फुटत नाही असंही म्हणतात, त्यात किती खरं?

स्टेपनी
काँक्रीटला उगाच दोष देतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून वाकून गरम होते, १२० च्या स्पीडने तासन्‌तास न थांबता गेलं तर ती उष्णता निघून जायला वेळच मिळत नाही, त्यात टायर जुना किंवा आधी खड्ड्यात मार खाल्लेला आणि गाडी ओव्हरलोड, मग फुटतो. शहरात तोच टायर वर्षभर काही बोलत नाही कारण आपण कापूरबावडी ते तीन हात नाका पंधराच्या स्पीडने जातो. २०२३ मध्ये समृद्धीच्या एंट्रीला आरटीओवाले टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवत होते, मला तर ते कायमच असायला हवं असं वाटतं. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजनने प्रेशर थोडं हळू कमी होतं, बास. म्हातारा टायर त्याने तरुण होत नाही. दर पंधरा दिवसांनी साधी हवा तपासलीत तरी काम झालं.

खारघरची
आणि हवा टायर थंड असताना तपासा, चालवून गेल्यावर आकडा जास्त दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर बघा, टायरवर मॅक्स लिहिलेलं असतं ते नाही, तो टायरची कमाल मर्यादा असते. स्टिकरवर दोन आकडे असतात, कमी माणसं आणि फुल लोड. घोडबंदरकर तुम्ही सावंतवाडीला फुल लोडवालाच भरा. पेट्रोल पंपावरच्या मुलाने विचारलं किती, तर लोक "मार तीस" म्हणतात, कुठल्याही गाडीला तीस, असं नको.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना खाली नेऊन गेज लावून दाखवला, आतल्या कडेचा आकडा बघितला आणि तेच म्हणाले चारही टाकून घ्या, पोरीला घेऊन जायचंय. आता दुकानात गेल्यावर काय बघू ते सांगा. एकाने "दोन वर्षं जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो" म्हटलंय. दुसरा कुर्ल्याहून सेकंडहँड आणून देतो म्हणतोय, नक्षी अगदी नव्यासारखी आहे म्हणे.

तुर्भेकर_काका
सेकंडहँड विषय बंद. झिजलेल्या टायरला गरम हत्याराने खाचा खोल पाडून, काळं पॉलिश मारून विकतात, नक्षी नव्यासारखी दिसते पण खाली रबरच उरलेलं नसतं. आणि आधी कुठल्या खड्ड्यात आपटलाय हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

नव्यात दुकानात उभं राहून आधी डीओटीचे चार आकडे वाचा. सावलीत, नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा स्टॉक असेल तर काही बिघडत नाही, पण तुमची गाडी कमी चालते, तुमचा टायर झिजून नाही तर वयानेच जाणार आहे, त्यामुळे दोन वर्षं जुना घेतला तर ती दोन वर्षं तुमचीच गेली. साइज स्टिकरवरचीच घ्या. समजा १८५/६५ आर १५ ८८ एच लिहिलंय, तर १८५ मिमी रुंदी, उंची तिच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. साइज तीच पण पुढचा ८८ कमी करून स्वस्त टायर देत असतील तर घेऊ नका, तुम्ही पाच माणसं आणि सामान नेणार आहात. आयएसआयचा मार्क बघा. एका बाजूला आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर तो पुढच्या दिशेने फिरला पाहिजे, बसवताना तिथेच उभे राहा. व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, किरकोळ पैसे असतात पण हवा तिथूनच जाते. बॅलन्सिंग चारही चाकांचं. बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने चालवा, नव्या रबराची पकड लगेच पूर्ण येत नाही, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी टाकू नका, पंधरा दिवस आधी टाका. पुढे आठ-दहा हजार किलोमीटरवर रोटेशन, म्हणजे टायरच्या जागा आपसांत बदलायच्या.

कळवेकर
जुने चार टायर दुकानातच देऊन या, थोडे पैसे कमी करतात. झोपाळा करू, कुंड्या करू म्हणून लोक सोसायटीच्या मागे टाकून ठेवतात, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांची पैदास होते. आमच्या बिल्डिंगमध्ये महापालिकेची फवारणीवाली माणसं येऊन पहिले टायरच उलटे करतात.

ऐरोलीकर
एक राहिलंच, स्टेपनीचं काय? माझी गाडी घेतल्यापासून एकदाही लागलेली नाही, ती नवीनच धरायची ना? चार टायरमध्ये तिला घेऊन एक टायर वाचवता येईल का?

तुर्भेकर_काका
नाही, तिचाही डीओटी बघा, गाडीच्याच वयाची असणार. डिकीत ऊन लागत नाही म्हणून चिरा कमी दिसतील, पण रबर तेवढंच जुनं. रोजच्या चार चाकांत तिला घेऊ नका. पंक्चर झालं तर दुकानापर्यंत पोचायला आहे ती, तेवढं अंतर हळू न्यायची. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान साइजची असते आणि तिच्यावर ८० चा स्टिकर असतो, तो पाळा. वर्ध्याला निघायच्या आधी तिची हवा तपासा, सगळ्यांची तपासतात आणि तिलाच विसरतात, रात्री रस्त्यात काढली की ती बसलेली निघते. जॅक आणि पाना जागेवर आहे का तेही बघा, आणि एकदा घराखालीच चाकाचे नट हाताने सुटतात का ते करून बघा, दुकानात गनने इतके आवळलेले असतात की पान्याला दाद देत नाहीत.

ऐरोलीकर
ओके काका, रविवारी सकाळीच करतो. नट सुटले नाहीत तर इथेच येऊन विचारतो.